‘किती’ एवढेच नको, ‘कोणत्या रूपात’ तेही विचारा

शेगाव तालुक्यातील केसगळतीचे प्रकरण आता बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेले असेल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केस सुटायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. म्हातारे, तरुण, बाया, पोरी, कोणी सुटले नाही. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. घरोघरी भीती पसरली. तरण्याताठ्या पोरींनी कॉलेजला जायचे सोडले.

सुरुवातीला संशय गेला बुरशीवर, मग शाम्पूवर, मग पाण्यावर. पाणी तपासले तर त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पण हा सगळा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. इथले पाणी आज खारट झाले आहे का? आजोबा-पणजोबांपासून लोक तेच पाणी पीत आले. मग केस याच हिवाळ्यात का गळाले? या प्रश्नाला पाण्याच्या अहवालात उत्तर नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावात आले, त्याने रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे नमुने नेले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे तपासणी केली. विंचूदंशावरील कामासाठी जगभर माहीत असलेला हा डॉक्टर. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले, आणि एक नवाच शब्द गावाच्या कानावर पडला : सेलेनियम.

डॉ. बावस्करांच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होते. कंट्रोलच्या दुकानातून मिळालेल्या गव्हात ते किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघाले. नेहमीच्या गव्हात ते ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असे त्यांचे मत. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे ठिसूळ होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. केस आणि नखे दोन्ही जाणे ही सेलेनियम जास्त झाल्याची जुनी, पुस्तकात नोंदलेली लक्षणे आहेत.

हे प्रकरण कोणावर शेकले, कोणावर नाही, हा आजच्या लेखाचा विषय नाही. मुद्दा वेगळा आहे. असले आकडे निघतात कसे, त्यांचा अर्थ काय, आणि उद्या आपल्या गावात असे काही घडले तर सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आपण शेतकऱ्यांनी कोणता अहवाल मागायचा? कारण अर्धवट तपासणीचा कागद हातात आला की गाव एक तर उगाच घाबरते, नाही तर उगाच निर्धास्त होते.

एक ग्रॅम दहा क्विंटलात

आधी हा आकडा नीट समजून घेऊ. किलोला एक मिलिग्रॅम म्हणजे दहा क्विंटल गव्हात फक्त एक ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढी वस्तू वीस पोत्यांत विरघळून गेलेली. ती चवीला लागत नाही, वासाला येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. गाव पातळीवर जी पाणी तपासायची पेटी असते, तिच्यातही ती सापडत नाही.

अशा वस्तू पकडायचे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. नाव अवघड, पण तत्त्व खळ्यावरचे आहे. आपण उफणणी करतो तेव्हा काय होते? वाऱ्याच्या झोताने भूस लांब उडते, दाणा जवळ पडतो. वजनाप्रमाणे माल वेगळा होतो. या यंत्रात वाऱ्याच्या जागी विजेचा किंवा चुंबकाचा जोर असतो आणि दाण्याच्या जागी विद्युतभारित अणू किंवा रेणू. केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ मध्ये असे यंत्र बनवले आणि १९२२ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

धान्यातील धातू मोजायला जे यंत्र आज वापरतात त्याला आयसीपी-एमएस म्हणतात. हे तंत्र १९८० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पुढे आले आणि तीन वर्षांत बाजारात विकायला आले. दळलेला गहू तीव्र ॲसिडमध्ये उकळून त्याचे पाणी करतात. त्या पाण्याचा फवारा आरगॉन वायूच्या ज्योतीत सोडतात. तिथली उष्णता सहा ते दहा हजार अंशांच्या घरात असते. त्या आगीत गव्हाचे काहीच शिल्लक राहत नाही, प्रथिनही नाही आणि पिष्टही नाही. उरतात सुटे अणू. यंत्र त्यांची वजनाप्रमाणे उफणणी करून मोजदाद करते. दहा क्विंटलात एक ग्रॅम तर सोडाच, त्याच्या हजारावा भागही ते पकडते.

म्हणजे ‘किती’ याचे उत्तर मिळाले. पण बारकाईने पाहा : मोजण्याआधी सगळे जाळून टाकले. सेलेनियम गव्हात कोणत्या रूपात बसले होते, ही माहिती त्याच आगीत गेली. आणि खरी मेख तिथेच आहे.

तोच धातू, रूप वेगळे

कोकणातल्या माणसाला पटेल असे उदाहरण घेऊ. समुद्राच्या मासळीत आर्सेनिक, म्हणजे सोमलातला मूळ पदार्थ, चांगल्यापैकी असतो. नुसता एकूण आकडा पाहिला तर मासे खायचे सोडावे लागतील. पण मासळीतला बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेन नावाच्या रेणूत बांधलेला असतो. तो शरीरातून आला तसा निघून जातो, अपाय करत नाही. भातात मात्र असेंद्रिय आर्सेनिकही असतो आणि तो विषारी. म्हणून आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाने २०१४ मध्ये पांढऱ्या तांदळासाठी मर्यादा ठरवली ती एकूण आर्सेनिकची नव्हे, तर असेंद्रिय आर्सेनिकची, किलोला ०.२ मिलिग्रॅम. मूलद्रव्य एकच. एका रूपात निरुपद्रवी, दुसऱ्या रूपात घातक.

सेलेनियमचेही असेच आहे, पण थोडे उलटे. जमिनीत ते सेलेनेट या क्षाराच्या रूपात असते. हा क्षार गंधकाच्या सल्फेटसारखा दिसतो, इतका की पिकाच्या मुळाला फरक कळत नाही. गंधक समजून मूळ सेलेनियम आत घेते. झाडात गेल्यावर मेथिओनिन नावाचा प्रथिनाचा जो घटक असतो, त्यात गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसते. त्याला म्हणतात सेलेनोमेथिओनिन. दाणा भरताना तो गव्हाच्या प्रथिनात, म्हणजे कणकेला चिकटपणा देणाऱ्या भागात, विणला जातो.

माणसाच्या शरीरालाही हा फरक कळत नाही. मेथिओनिन समजून ते सेलेनोमेथिओनिन आपल्या प्रथिनांत वापरते आणि साठवते. वरवरच्या धुळीसारखे ते झटकता येत नाही. डॉ. बावस्करांच्या आकड्यांतच याचा पुरावा डोकावतो. न धुतलेल्या गव्हात १४.५२ मिलिग्रॅम, आणि धुतलेल्या गव्हात १३.६१. धुण्याने फरक पडला शेकडा सहाच्या आसपास. पोत्याला लागलेले औषध किंवा वाटेतली धूळ असती तर धुण्याने बरीच घट झाली असती. तसे झाले नाही. अर्थ सरळ आहे : जे काही होते ते बहुतांश दाण्याच्या आत होते, शेतातूनच आलेले. सुपात पाखडून, पाण्यात धुऊन किंवा तव्यावर भाजून ते जाणार नाही.

पण हा झाला तर्क. तो सिद्ध करायचा तर रूप तपासावे लागते. त्यासाठी गहू ॲसिडमध्ये न उकळता पोटातल्या पाचकरसासारख्या द्रवाने हळुवार विरघळवतात, म्हणजे रेणू अखंड राहतात. मग तो द्रव एका भरलेल्या बारीक नळीतून ढकलतात. निरनिराळे रेणू त्या नळीतून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गटातले सेलेनियम आयसीपी-एमएस मोजते. शेजारी दुसरे मास स्पेक्ट्रोमीटर असते, ते रेणू न मोडता अख्ख्याचे वजन करते. हे हळुवार तंत्र जीवरेणूंसाठी विकसित केल्याबद्दल अमेरिकेचे जॉन फेन यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. साध्या मेथिओनिनचे वजन १४९. गंधकाच्या (३२) जागी सेलेनियम (८०) आले की ते १९७ होते. शिवाय सेलेनियमचे अणू निसर्गात सहा वजनांचे असतात, त्यामुळे त्याच्या रेणूचा ठसा सहा खुणांचा उमटतो. अंगठ्याच्या ठशासारखा, सहसा चुकत नाही.

पंजाबची जमीन आणि आपला गहू

हे केवळ परदेशातले पुस्तकी ज्ञान नव्हे. पंजाबात शिवालिक डोंगराच्या पायथ्याला नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांत सेलेनियमयुक्त जमिनीचा एक पट्टा आहे. डोंगरातले ओढे वाहून येताना ते आणतात. तिथे जनावरांचे खूर सडणे, शेपटीचे केस जाणे, माणसांची नखे बिघडणे हे प्रकार जुने आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. बाधित क्षेत्र सुमारे एक हजार हेक्टरच आहे, म्हणजे पंजाबच्या मानाने ठिपक्याएवढे.

२०१० मध्ये इटली आणि भारतातील संशोधकांनी त्या पट्ट्यातला गहू वरच्या पद्धतीने तपासला. किलोला २९ ते १८५ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, आणि त्यात सर्वात मोठा वाटा सेलेनोमेथिओनिनचा होता. आता हिशेब करून पाहा. किलोला १०० मिलिग्रॅमचे एक पोते साध्या गव्हाच्या सहा पोत्यांत मिसळले, तरी सातही पोत्यांत सरासरी १४ मिलिग्रॅमच्या वर भरेल. शेगावच्या गव्हात सांगितलेला आकडा याच घरातला आहे. यावरून शेगावचा गहू तिथलाच होता असे सिद्ध होत नाही. पण असा गहू देशात पिकतो आणि मिसळून फिरू शकतो, एवढे नक्की कळते.

खाणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब मांडू. दिवसाला ४०० ग्रॅम गहू खाणारा माणूस १४.५२ मिलिग्रॅमच्या गव्हातून रोज ५.८ मिलिग्रॅम सेलेनियम घेतो. प्रौढाला रोजची गरज अवघी ४० मायक्रोग्रॅमची आणि बरीच वर्षे मानलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅमची. म्हणजे हा माणूस मर्यादेच्या चौदा पट खातो. चीनमधल्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० नंतरच्या काही वर्षांत गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली होती. तिथे नंतर मोजलेले रोजचे प्रमाण सरासरी पाच मिलिग्रॅमच्या आसपास होते. आकडे एकमेकांशी जुळतात.

याचा अर्थ सेलेनियम म्हणजे विष, असाही करू नये. त्याच चीनमध्ये केशान परगण्यात सेलेनियम कमी पडल्याने हृदयाचा रोग होऊन माणसे दगावली. फिनलंडच्या जमिनीत ते कमी, म्हणून तिथल्या सरकारने १९८४ पासून रासायनिक खतातच सेलेनियम घालायला सुरुवात केली. मिठासारखेच आहे : नसले तर चालत नाही, जास्त झाले तर घात.

यंत्रही फसते

मशीनने सांगितले म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही नाही. दोन गोष्टी गावाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ज्योतीतला आरगॉन वायू स्वतःच घोटाळा करतो. आरगॉनचे वजन ४०. दोन आरगॉन चिकटले की ८०, आणि सेलेनियमचा सर्वात जास्त आढळणारा अणूही ८० वजनाचा. तसेच आरगॉन ४० आणि मिठातले क्लोरीन ३५ मिळून ७५, आणि आर्सेनिकचे वजनही ७५. म्हणजे खारपाणपट्ट्यातले खारट पाणी निष्काळजीपणे तपासले तर नसलेला आर्सेनिक कागदावर दिसू शकतो. चांगली प्रयोगशाळा यावर उपाय करते. यंत्रात खास वायू सोडून अशा जोड्या मोडते किंवा दुसऱ्या वजनाचा अणू मोजते. शिवाय आधीच माहीत असलेल्या प्रमाणित नमुन्यावर यंत्राची परीक्षा घेते. अमेरिकेच्या मानक संस्थेने गव्हाच्या पिठाचा असा नमुना बनवला आहे, त्यात सेलेनियम किलोला १.१ मिलिग्रॅम. यंत्राने तो बरोबर सांगितला तरच आपल्या गव्हाचा आकडा धरावा.

दुसरी, नमुना चुकला तर पुढे सगळेच चुकते. कोंड्यावरच्या काही शाम्पूंमध्ये सेलेनियम सल्फाइड असते. तो शाम्पू लावणाऱ्याच्या केसांत सेलेनियम जास्त दिसेल, मग त्याने गहू खाल्ला असो वा नसो. म्हणून नुसत्या केसांवर निकाल देऊ नये. रक्त आणि लघवी हवीच, आणि शाम्पू कोणता वापरला याची नोंदही हवी.

गावाने काय करावे

मातीचा नमुना कसा काढायचा हे शेतकऱ्याला सांगायला नको. शेताच्या आठ-दहा ठिकाणची माती गोळा करायची, ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत तसेच करत जायचे. धान्याचेही तेच. एका घरच्या डब्यातली मूठभर कणीक म्हणजे गावाचा नमुना नव्हे. उपद्रव दिसताच पुढील गोष्टी त्याच आठवड्यात व्हाव्यात.

एक, स्वस्त धान्य दुकानातील शिल्लक पोत्यांतून, वरून-मधून-खालून, नमुना काढावा. पोत्यावरची चिठ्ठी, हंगामाचे वर्ष, दुकानात माल कधी आला, कोणत्या गोदामातून आला, हे पंचनाम्यात लिहावे. पोते संपले की पुरावा संपला. आणि सेलेनियमयुक्त जमीन ठिपक्याठिपक्याने असते, त्यामुळे एका पोत्यात सापडले नाही म्हणून सगळा माल निर्दोष ठरत नाही, आणि सापडले म्हणून सगळा दोषी ठरत नाही.

दोन, गावात स्वतःच्या शेतातला गहू खाणारी आणि ज्वारी खाणारी घरेही असतात. त्यांचेही नमुने घ्यावेत. त्या घरांत केस गळाले नसतील तर तीच सर्वात मोठी साक्ष.

तीन, नमुन्याचे तीन भाग करून सील करावेत. एक प्रयोगशाळेला, एक तहसीलला, एक ग्रामपंचायतीत. पाण्याची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच मागवावी, कारण तिच्यात आधीच मोजून ॲसिड घातलेले असते.

चार, अहवाल आला की ग्रामसभेत वाचावा आणि पाच प्रश्न विचारावेत. आकडा मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये? (यात हजारपटीचा फरक असतो.) कोणत्या यंत्रावर मोजले? प्रमाणित नमुना सोबत चालवला का? प्रयोगशाळेला या तपासणीची मान्यता आहे का? आणि शेवटचा, सर्वात महत्त्वाचा : हे एकूण प्रमाण आहे की कोणत्या रूपात किती, तेही पाहिले?

या पाचव्या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणार नाही. रूप तपासायची सोय मोजक्या मोठ्या संस्थांकडे आहे आणि ती महाग आहे. म्हणून प्रत्येक पोत्याची अशी तपासणी करा, असे कोणी म्हणणार नाही. पण एकूण प्रमाण मर्यादेबाहेर दिसले की राखून ठेवलेला नमुना पुढे पाठवलाच पाहिजे. दोष दाण्यात आहे, पोत्यात आहे की साठवणीत, हे त्याशिवाय ठरत नाही. आणि ते ठरल्याशिवाय दुकानदारावर, हमालावर किंवा पंजाबच्या शेतकऱ्यावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. त्या बिचाऱ्याच्या जमिनीत निसर्गानेच ते घातले. तिथे जिप्सम टाकल्यास पिकात सेलेनियमची उचल घटते, हे त्यांच्याच विद्यापीठाने प्रयोगांत दाखवले आहे. गंधक भरपूर असले की मूळ फसत नाही. म्हणजे उपायही शेतातच आहे, फक्त कोणत्या शेतात तो करायचा हे कळायला हवे.

शासनाकडे मागणी एकच करावी. देशात सेलेनियमचे पट्टे कुठे आहेत हे माहीत आहे. त्या पट्ट्यांतून सरकारी खरेदीत येणाऱ्या गव्हाची तपासणी मंडीतच व्हावी, गावात पोरींचे केस गळाल्यावर नव्हे. पट्टा लहान आहे, नमुने थोडे लागतील. गोदामात माल मिसळला गेल्यावर मात्र तो देशभर शोधत फिरावे लागते. आणि तोवर आपल्या गावच्या दुकानात गहू उतरला की पोत्यावरची चिठ्ठी फाडून फेकू नका. ती जपून ठेवायला पैसा लागत नाही.